हळद, अर्धा किलो

गाडी त्या दिवसांतही सुटायची, सकाळी साडेसहाला.
सगळं इंदूर दाराआड
आणि रस्त्यावर आम्ही दोघं: लखन स्टिअरिंगवर,
मी मागच्या पायरीवर, गळ्यात शिट्टी.
भोंगा ओला-सुका, ओला-सुका सांगत राहायचा
रिकाम्या चौकांना.

मालवा मिलच्या मागची ती गल्ली इतकी अरुंद
की गाडी तोंडाशीच थांबे.
बायका बादल्या घेऊन यायच्या, पदर तोंडाला.
घरं मी नावानं नाही, कचऱ्यानं ओळखते.
कुणाकडे भात उरतो, कुणाकडे उरत नाही,
कुणाचं पोर औषधावर आहे,
कुणाला दुकानं बंद असतानाही मिळते.

सतरा नंबरच्या सुक्या डब्यात बांगड्यांचे तुकडे.
सोमवारी हिरवे.
गुरुवारी हिरवेच.
मग बांगड्या संपल्या असाव्यात.

एप्रिलात किराणाही आमच्याच गाडीवर आला.
आज पर्ची घ्यायची, उद्या पिशवी द्यायची.
सतरा नंबरची पर्ची चौकटीच्या वहीतली,
अक्षर वळणदार, शाळा सोडवल्याला फार वर्षं न झालेलं:
तूरडाळ एक किलो. तेल एक. साखर पाव.
हळद अर्धा किलो. – हेमलता

आठ दिवसांनी पुन्हा, हळद अर्धा किलो.
मी हसले. म्हटलं, दोन माणसांच्या घरात
लग्न काढलंय का गं?
तिनं मास्क वर ओढला.
डोळ्याखालचं तेवढ्यानं झाकेना.

हळद आणखी कुठे लावतात
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
माझ्या आईनं दुधातूनही दिली होती,
आणि चौथ्या दिवशी
सासरच्या बसमध्ये बसवून दिलं होतं.
तरी मी हसले.

शेजारीण बादली रिकामी करता करता म्हणाली,
आम्ही टीव्ही मोठा करतो.
म्हणाली, पुरुषांना बाहेर जाता येत नाही ना,
सगळ्यांचंच असं चाललंय.

मग एके दिवशी ती आली, बादली नव्हती.
पायात चपला दोन वेगवेगळ्या.
काही बोलली नाही. मीही नाही.
मी लखनकडे पाहिलं.
गाडीला जीपीएस; रस्ता सोडला
की झोन ऑफिसात लाल ठिपका.
लखन महिनाभर गुटखा न मिळालेलं तोंड हलवत म्हणाला,
पंक्चर झालं म्हणू.

माझं दुसरं जाकीट सीटखाली होतं,
पिवळं, चकाकत्या पट्ट्यांचं.
टोपी, हातमोजे. फुटका ओठ मास्कखाली.
मरीमातेच्या नाक्यावर शिपायानं बॅरिकेड सरकवलं
आणि आम्हा दोघींना कडक सलाम ठोकला.
वरच्या गच्चीतून कुणी
झेंडूच्या पाकळ्या टाकल्या, योद्धे म्हणून.
ती दोन्ही हातांनी डोकं झाकून
खाली बसली.

बाणगंगेला आईनं दार उघडलं.
पहिलं वाक्य: चौदा दिवस हिला ठेवू कुठे?
मग गप्प झाली.
मग दारातून थोडी बाजूला सरकली.
मी एवढंच पाहिलं; गाडी चालू होती.

जाकिटाचे तीनशे दहा रुपये पगारातून कापले.
हरवलं, म्हणून लिहून दिलं.
मागायला गेले नाही.
ती पुन्हा सतरा नंबरला आली का, तेही
विचारलं नाही. जूनमध्ये माझी गाडीच बदलली.

पर्च्या मात्र टाकल्या नाहीत.
खरं तर सुका कचरा.
एका रात्री झोप येईना म्हणून मांडून बसले:
त्या एका वॉर्डात हळद अर्धा किलो,
अकरा घरं.
काहींकडे माणसं जास्त असतील.
लग्नं तर बंद होती.

जाकीट एकच होतं.